लेथवरील दिशापरिवर्तक स्विच : निवड व जोडणी

१. संज्ञा आणि मर्यादा

लेथसमोर उभ्या असलेल्या कारागिराकडे जॉबचा वरचा भाग येत असेल, तर त्या परिभ्रमणास येथे ‘सुलट’ म्हटले आहे; त्याच्या विरुद्ध ते ‘उलट’. मोटरला दोन्ही दिशांनी चालवणाऱ्या आणि मध्यस्थानी तिचा पुरवठा तोडणाऱ्या उपकरणास ‘दिशापरिवर्तक स्विच’ ही संज्ञा योजली आहे. ज्या लेथमध्ये दिशा क्लच आणि गिअर यांच्या योगे बदलते, ते या विवेचनाच्या कक्षेबाहेर आहेत.

२. प्रयोजन

उलट परिभ्रमणाची गरज मुख्यतः दोन प्रसंगी पडते. (अ) आटे पाडताना : लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा असेल आणि पाडायचे आटे मिलिमीटरच्या मापाचे असतील, तर मध्येच उघडलेला हाफ नट पुन्हा त्याच जागी बसेल याची शाश्वती नसते. म्हणून तो बंद ठेवून कॅरेज मोटर उलट फिरवूनच मागे आणावे लागते. (आ) टॅप छिद्रातून मागे काढताना. या दोन्ही प्रसंगी मोटर थांबल्यानंतर उलट फिरणे पुरेसे असते. पूर्ण वेगात दिशा बदलण्याची आवश्यकता यांपैकी कोणत्याही कामात नाही. पुढील निवड या निष्कर्षावर आधारलेली आहे.

३. स्पिंडलची परीक्षा

विचाराचा आरंभ स्पिंडलच्या नाकापासून करावा. चक बसवण्याच्या पद्धती या दृष्टीने दोन प्रकारच्या आहेत. (अ) आट्यांवर बसणारे चक : सुलट फिरताना कापण्याचा भार ते घट्ट करतो, परंतु उलट दिशेने झटक्यात आरंभ झाल्यास, किंवा सुलट फिरणारा स्पिंडल एकदम थांबल्यास, चक स्वतःच्या जडत्वाने सैल होऊन उसळू शकते. (आ) कॅमलॉक किंवा बोल्टने आवळलेले चक : येथे तो धोका नाही. पहिल्या प्रकारात चक रोखणारी स्वतंत्र योजना नसेल, तर उलट परिभ्रमण मंद वेगात व हलक्या भारापुरतेच ठेवावे. स्पिंडलचा हा दोष कितीही उत्तम स्विच घेतला तरी दूर होत नाही.

४. मोटरचे प्रकार

(अ) थ्री-फेज मोटर, ४१५ व्होल्ट : तीनपैकी कोणत्याही दोन फेजची अदलाबदल केली की दिशा बदलते. चालत्या मोटरवर ही अदलाबदल केल्यास चुंबकीय क्षेत्र व रोटर यांची सापेक्ष गती जवळजवळ दुप्पट होते आणि प्रवाह आरंभप्रवाहाहूनही वाढतो.

(आ) कॅपॅसिटर-स्टार्ट सिंगल-फेज मोटर, २३० व्होल्ट : येथे मुख्य वाइंडिंगच्या सापेक्ष आरंभ-वाइंडिंगची टोके उलटावी लागतात, फेज आणि न्यूट्रल बदलून काही साधत नाही. त्यासाठी दोन्ही वाइंडिंगची चारही टोके बाहेर असली पाहिजेत. मुख्य वाइंडिंगचा रोध कमी असतो. यावरून मल्टिमीटरने ती ओळखता येते. वेग चढल्यावर सेंट्रिफ्यूगल स्विच आरंभ-वाइंडिंग तोडतो. त्यामुळे वेगात असताना हँडल उलट फिरवले तरी मोटर पूर्वीच्याच दिशेने चालत राहते. ती पूर्ण थांबू देणे येथे अनिवार्य ठरते.

(इ) ड्राइव्हवर चालणारी मोटर : दिशेची आज्ञा ड्राइव्हच्या नियंत्रण-टर्मिनलांवर द्यावी. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये दिशापरिवर्तक स्विच बसवू नये.

५. स्विचची निवड

मोटरच्या संपूर्ण नियंत्रणात चार कार्ये अंतर्भूत असतात : (१) पुरवठा जोडणे व तोडणे; (२) दिशा बदलणे; (३) अतिभारापासून रक्षण; (४) वीज जाऊन परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होऊ न देणे. ड्रम स्विच किंवा रोटरी कॅम स्विच पहिली दोनच कार्ये करतो. वीज गेल्यावर त्याचे हँडल आहे तेथेच राहते आणि वीज येताच यंत्र फिरू लागते.

यावरून दोन योग्य रचना निष्पन्न होतात. पहिली : डीओएल स्टार्टर आणि त्यानंतर ड्रम स्विच. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले तिसरे कार्य करतो; वीज जाताच सुटणारा कॉन्टॅक्टर चौथे करतो. दुसरी : दोन कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि पुश-बटणे. येथे दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले गेल्यास फेजमध्ये शॉर्टसर्किट होते. म्हणून विद्युत आणि यांत्रिक असे दोन्ही इंटरलॉक हवेत.

क्षमता ठरवताना केवळ अँपिअरचा आकडा पाहू नये. २ अश्वशक्तीच्या थ्री-फेज मोटरचा पूर्णभार-प्रवाह सुमारे ३.५ अँपिअर असला, तरी आरंभी तो सुमारे सहापट होतो. चालू मोटर बंद करणाऱ्या वापरासाठी एसी-३ हा वर्ग आहे; चालत्या मोटरची दिशा पालटणे किंवा वारंवार झटके देणे यांसाठी एसी-४. कलम २ मधील शिस्त पाळल्यास पहिला वर्ग पुरतो.

६. जोडणीचे टप्पे

(१) मुख्य पुरवठा तोडून टेस्टरने खात्री करावी. कॅपॅसिटर निर्भारित करावा. (२) स्विचची जागा अशी निवडावी की फिरत्या चकवरून हात न्यावा लागणार नाही आणि बुरा व कूलंट आत शिरणार नाही. (३) हँडलची दिशा व स्पिंडलची दिशा यांत सुसंगती ठेवावी. (४) अर्थिंगची तार स्विचच्या संपर्कांतून नेऊ नये. ती अखंड असावी, आणि थ्री-फेज मोटरच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थ-जोडण्या द्याव्यात. (५) पुरवठा देण्यापूर्वी तिन्ही स्थानांवर संपर्क मल्टिमीटरने तपासावेत : मध्यस्थानी सर्व तुटलेले, आणि कोणत्याही स्थानी दोन फेज परस्परांस जोडलेले नाहीत. (६) पहिली चाचणी पट्टा काढून घ्यावी, दुसरी पट्टा घालून पण चकविना, तिसरी चकसह मंद वेगात.

७. निष्कर्ष

स्पिंडल कोणते उलट परिभ्रमण सहन करील हे ठरवतो. मोटर ते कसे घडवावे हे ठरवते. स्विच या दोहोंच्या आज्ञेत राहतो. बाजारात मिळालेल्या स्विचपासून आरंभ करणारा हा क्रम उलटा करतो, आणि मग उरलेली दोन कार्ये कोणत्याच उपकरणाकडे सोपवलेली नसतात.