संगणकाच्या स्मृतीची पाने : टिफ्रॅक ते लिनक्स

१) १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृती अवघी २०४८ शब्दांची. एवढ्याशा जागेचा हिशेब आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागे.

२) १९६२ साली मँचेस्टरच्या अ‍ॅटलसने हे ओझे यंत्रावर सोपवले. ५१२ शब्दांची ‘पाने’ मुख्य स्मृती व चुंबकीय ड्रम यांत आपोआप ये-जा करू लागली. आजच्या स्वॅपचे मूळ येथेच.

३) सातारा-सांगलीतील प्रयोगशाळांत आढळणाऱ्या साध्या संगणकावर लिनक्स ४ केबींची पाने वापरते. स्मृती वाढली, तशी पानांची नोंदवही फुगली. म्हणून २ एमबींचे मोठे पान आले. ५१२ नोंदींऐवजी एकच! मात्र त्यातला थोडाच भाग वापरला, तर उरलेली जागा अडून राहते. काटकसर आजही सुटलेली नाही.