चिंपांझी सिनेमा बघतो तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं?

कोल्हापुरातलं एखादं जुनं सिंगल स्क्रीन थिएटर डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर हिरो बेसावध उभा आहे. दाराआड व्हिलन काठी घेऊन दबा धरून बसलाय. आणि पुढच्या रांगेतनं कुणीतरी ओरडतंच, "आरं, मागं बघ की!"

आपला आवाज हिरोला ऐकू जाणार नाही, हे ओरडणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. तरी तो ओरडतो, कारण त्या क्षणी त्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम चाललेल्या असतात. एक, पुढे काय होणार याचा त्याला अंदाज आलेला असतो. दुसरी, आपल्याला जे माहीत आहे ते हिरोला माहीत नाही, हेही त्याला कळलेलं असतं.

कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. बाबुराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला, तेव्हा त्यातला कीचकवध बघून प्रेक्षक हादरले होते आणि ते दृश्य पुढे कापावं लागलं, असं सिनेमाच्या इतिहासात सांगितलं जातं. समोर नुसता कापडी पडदा आहे हे कळत असूनही अंगावर काटा येतो, तो माणसाच्या या दुहेरी कसबामुळे.

पण हे कसब फक्त माणसाकडेच आहे का? हे शोधायला शास्त्रज्ञांनी चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांना चक्क सिनेमे दाखवले. काही सिनेमे तर खास त्यांच्यासाठीच शूट केले.

आधी हे समजून घेऊ, एप म्हणजे कोण?

पन्हाळ्याच्या वाटेवर दिसतं ते माकड आणि दाजीपूरच्या जंगलात दिसतं ते काळ्या तोंडाचं वानर, हे दोन्ही एप नव्हेत. सोपी खूण म्हणजे शेपूट. माकडांना आणि वानरांना शेपूट असते, एपना नसते. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांना 'ग्रेट एप्स' म्हणतात, मराठीत महाकपी. भारताच्या जंगलात यातलं कुणीच राहत नाही. आसाम आणि ईशान्येकडच्या जंगलात हूलॉक गिबन आहे, पण तो एप असला तरी लहान एप.

चिंपांझी आणि बोनोबो हे आपले सगळ्यात जवळचे जिवंत नातेवाईक. आपल्या मनातलं काय काय जुनं, वारशाने आलेलं आहे आणि काय फक्त माणसाचं आहे, हे तपासायचं तर त्यांच्याकडेच जावं लागतं.

पहिली प्रेक्षक : सारा

१९७८ साली डेव्हिड प्रिमॅक आणि गाय वुडरफ या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी सारा नावाच्या चिंपांझी मादीला छोटे व्हिडिओ दाखवले. त्यात एक माणूस अडचणीत असायचा. उदाहरणार्थ, केळी टांगलेली आहेत आणि त्याचा हात पोचत नाही. व्हिडिओ थांबवून साराला फोटो दाखवले जायचे. त्यातल्या एकात त्या अडचणीवरचा उपाय असायचा. साराने बहुतेक वेळा उपायाचाच फोटो निवडला.

मग वाद सुरू झाला. त्या माणसाला काय हवंय हे साराला कळलं, की केळी आणि काठी यांची जोडी तिला आधीच ठाऊक होती? समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात. हा शब्द रूढ झाला तो याच दोघांच्या लेखामुळे. उत्तर मात्र पुढची जवळपास चाळीस वर्षं लटकत राहिलं.

सिनेमाच का?

कारण एपला प्रश्न विचारता येत नाही. काही करून दाखवायला शिकवावं, तर त्यात महिने जातात, आणि शेवटी तो विचार करतोय की शिकवलेलं गिरवतोय हे कळत नाही. सिनेमा बघायला शिकवावं लागत नाही. गोष्ट रंगली की नजर आपोआप पडद्यावर जाते.

ही नजर टिपायला 'आय ट्रॅकर' नावाचं यंत्र असतं. ते डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकतं आणि त्याच्या प्रतिबिंबावरून नजर पडद्यावर नेमकी कुठे आहे हे सांगतं. एपला बांधून ठेवत नाहीत. पारदर्शक भिंतीपलीकडे पडदा असतो आणि अलीकडे एका नळीतून पातळ केलेला ज्यूस थोडा थोडा येत राहतो. ज्यूस पिताना डोकं आपसूक स्थिर राहतं. कंटाळा आला तर उठून जायची मुभा असते.

कालचा सीन आज आठवतो का?

२०१५ साली जपानच्या क्योटो विद्यापीठाचे फुमिहिरो कानो आणि सातोशी हिराता यांनी सहा चिंपांझी आणि सहा बोनोबोंना अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरच्या फिल्म दाखवल्या. एका फिल्ममध्ये दोन दारं आहेत. एका दारातून 'किंग काँग', म्हणजे एपचा पोशाख घातलेला माणूस, अचानक बाहेर येतो आणि समोरच्यावर हल्ला करतो.

दुसऱ्या दिवशी तीच फिल्म पुन्हा लावली. किंग काँग अजून बाहेर यायचाय, पण प्रेक्षकांची नजर आधीच त्या दारावर गेली होती.

दुसऱ्या फिल्ममध्ये माणूस समोरच्या दोन वस्तूंपैकी एक उचलतो आणि किंग काँगला हाणतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही वस्तूंच्या जागा बदलल्या. तरी एपची नजर आधी त्याच वस्तूवर गेली. म्हणजे नुसती 'डावीकडे की उजवीकडे' एवढीच आठवण नव्हती, कोणत्या वस्तूने मारलं हेही लक्षात होतं. तेही एकदाच बघून, चोवीस तासांनी.

आणि मग तो मोठा प्रश्न

चाफळीत ठेवलेला लाडू आईच्या नकळत ताईने फडताळात लपवला. आई आल्यावर आधी कुठे बघेल? साधारण चार वर्षांचं मूल सांगतं, "चाफळीत." लाडू तिथे नाही हे त्याला माहीत असतं, पण आईला ते माहीत नाही हेही कळतं. समोरच्याचा गैरसमज ओळखणं, ही थिअरी ऑफ माइंडची कसोटी मानली जाते.

२०१६ साली ख्रिस्तोफर कृपेन्ये, कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कसोटी फिल्ममध्ये बसवली. प्रयोग जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्राणिसंग्रहालयात आणि जपानच्या कुमामोतो अभयारण्यात झाले. गोष्ट अशी : किंग काँग माणसाला मारतो आणि गवताच्या दोन गंज्यांपैकी एकीत लपतो. माणूस हे बघतो आणि काठी आणायला आत जातो. तेवढ्यात किंग काँग दुसऱ्या गंजीत शिरतो आणि मग तिथूनही पसार होतो. माणूस काठी घेऊन परत येतो.

आता कोणत्याच गंजीत कुणी नाही. हे बघणाऱ्याला माहीत आहे, माणसाला नाही. माणूस काठी कुठे हाणणार? ज्या ३० एपनी आधीच एखाद्या गंजीकडे बघितलं, त्यांतल्या २० जणांची नजर आधी गेली ती माणूस चुकून जिथे मारेल त्या गंजीवर. दुसऱ्या फिल्ममध्ये किंग काँग माणसाचा दगड चोरून खोक्यात लपवतो. तिथे २२ पैकी १७ जणांची नजर माणूस चुकून उघडेल त्याच खोक्यावर आधी गेली.

पहिला आकडा एकटा घेतला तर योगायोग म्हणून सोडता आला असता, दुसरा तसा सोडणं अवघड आहे. कोल्हापूरच्या प्रेक्षकासारखं एपला ओरडता येत नाही. पण त्याचे डोळे नेमके त्याच जागी जातात.

पण शंका होतीच

टीकाकार म्हणाले, यात मन ओळखण्याचं काही नाही. 'वस्तू शेवटची जिथे दिसली तिथेच माणूस शोधतो' एवढा साधा नियम एपना माहीत असेल.

म्हणून २०१९ मध्ये याच गटाने एक डाव टाकला. एपना आधी प्रत्यक्ष एक पडदा हाताळायला दिला. लांबून दोन्ही प्रकारचे पडदे सारखेच दिसायचे, पण काहींच्या पडद्यातून आरपार दिसायचं, काहींच्या नाही. नंतर फिल्म दाखवली. त्यात माणूस तशाच पडद्यामागे जातो आणि तेवढ्यात वस्तू हलवली जाते.

ज्यांचा पडदा अपारदर्शक होता, त्यांनी माणूस जुन्या जागी शोधेल असं धरलं. ज्यांना पडद्यातून आरपार दिसलं होतं, त्यांनी तसं धरलं नाही. फिल्म सगळ्यांना एकच होती, फरक होता तो स्वतःच्या अनुभवात. 'मला इथून दिसत नव्हतं, म्हणजे त्यालाही दिसत नसणार', असा तो हिशेब.

यावरून एप आपल्यासारखाच विचार करतात असं कुणी म्हणत नाही. प्रयोगातले प्राणी मोजके होते, पाळीव वातावरणातले होते, आणि नजर गेली म्हणजे मनात पूर्ण वाक्य तयार झालं असंही नाही. पण 'हे फक्त माणसालाच जमतं' असं ठामपणे म्हणणं आता कठीण झालंय.

विचार कळला, भावनेचं काय?

त्याची एक खूण नाकावर दिसते. ताण आला किंवा मन उत्तेजित झालं की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नाकाचा शेंडा थोडा गार पडतो. माणसाचंही असंच होतं. २०१६ मध्ये चिंपांझींना इतर चिंपांझींच्या भांडणाची दृश्यं आणि आवाज दाखवून-ऐकवून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बघितलं, तर त्यांच्या नाकाचं तापमान उतरलं होतं. खरं भांडण जवळपास कुठेही नव्हतं. मात्र या कॅमेऱ्याची मर्यादाही आहे. मन हललं हे तो सांगतो, पण ती भीती होती, राग होता की नुसती उत्सुकता, हे एकट्या नाकावरून कळत नाही.

त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेत लिसा पार यांनी तीन चिंपांझींना आवडत्या खाऊचे आणि इंजेक्शनच्या सुयांचे व्हिडिओ दाखवले. नंतर चिंपांझींच्या चेहऱ्यांचे फोटो देऊन, यातला कोणता चेहरा व्हिडिओशी जुळतो ते निवडायला दिलं. खाऊला आनंदी चेहरा, सुईला घाबरलेला चेहरा, अशी जोडी त्यांनी वेगळं न शिकवता लावली. सुईच्या दृश्यांच्या वेळी त्यांच्या त्वचेचं तापमानही घसरलं होतं.

सिनेमा एकत्र बघण्याची गंमतही त्यांना आहे असं दिसतं. लाइपझिगमध्ये २०१९ साली आढळलं की, माणसाबरोबर व्हिडिओ बघितल्यावर एप त्या माणसाजवळ लवकर येतात. चिंपांझींनी एकमेकांसोबत व्हिडिओ बघितला तर नंतर ते एकमेकांच्या जवळ जास्त वेळ काढतात. मित्रांबरोबर पिक्चर टाकून आल्यावर आपलं जे होतं, तेच.

लुईस आणि तिची बहीण

२०२३ मध्ये लॉरा लुईस, कृपेन्ये आणि सहकाऱ्यांनी फिल्मऐवजी फोटो वापरले. पडद्यावर दोन चेहरे असायचे, एक पूर्वी सोबत राहिलेल्या एपचा आणि एक अनोळखी. एपची नजर ओळखीच्या चेहऱ्यावर जास्त वेळ रेंगाळली. ज्याच्याशी पूर्वी चांगलं जमायचं, त्याच्यावर आणखी जास्त.

यात कुमामोतोमधली लुईस नावाची बोनोबो मादी होती. बहीण लॉरेटा आणि भाचा एरिन यांना तिने २६ वर्षांहून जास्त काळ बघितलं नव्हतं. पडद्यावर ते दिसले आणि तिची नजर पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच गेली.

लुईसला काय वाटलं, हे आपण सांगू शकत नाही. तिने ओळखलं, एवढं मात्र दिसतं.

मग आपल्याला याचं काय?

पहिली गोष्ट, कुमामोतोच्या या जागेचा इतिहास. तिथल्या अनेक चिंपांझींवर पूर्वी औषध कंपन्यांसाठी वैद्यकीय प्रयोग झाले होते. जपानमधले असे प्रयोग २००६ मध्ये थांबले आणि २०१२ मध्ये प्रयोगशाळेतले शेवटचे तीन चिंपांझी या अभयारण्यात आले. एके काळी ज्यांच्याकडे नुसतं शरीर म्हणून बघितलं, त्यांच्याच मनाचा अभ्यास आज ज्यूस देऊन, त्यांच्या मर्जीने होतो. वीस-पंचवीस वर्षांनीही नातलग ओळखणाऱ्या प्राण्याला एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात हलवायचं, तर त्याच्या सोबत्यांचा विचार करावाच लागेल.

दुसरी गोष्ट थेट आपल्या हातातल्या मोबाइलची. शर्ट घातलेला, दात दाखवून 'हसणारा' चिंपांझी रीलमध्ये आला की आपण लाइक ठोकतो. पण वरचे-खालचे दात आवळून दाखवणं ही चिंपांझीची सहसा भीतीची खूण असते. खेळताना तो खूश असतो तेव्हा तोंड सैल उघडं असतं आणि वरचे दात बरेचसे झाकलेले असतात. माणसांसारखे कपडे घातलेले चिंपांझी सतत बघून लोकांना ते धोक्यात नाहीत असं वाटू लागतं, असंही अभ्यासात दिसलंय. प्रत्यक्षात चारही महाकपी धोक्यात आहेत आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत.

म्हणून पुढच्या वेळी असं रील आलं की आधी त्याचे दात बघा, मागे कोणती खोली आहे ते बघा, गळ्यात पट्टा आहे का ते बघा. त्याला काय वाटत असेल असा प्रश्न पडला, तर शेअरचं बटण दाबण्याआधी थोडं थांबा.