वातानुकूलन यंत्रणा, घरगुती केंद्रीय : (उभारणी)

एकाच यंत्रसंचातून वाहिन्यांद्वारे घरातील सर्व खोल्यांना थंड हवा पुरविणारी यंत्रणा. विलिस कॅरियर यांनी 1902 मध्ये ब्रुकलिनमधील छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाचा (→ वातानुकूलन) आराखडा केला.

बाहेरील संचात संपीडक व संघनक, तर आतील संचात बाष्पित्र असते. बाहेरील संच समतल चौथऱ्यावर बसवितात. त्यासाठी स्वतंत्र विद्युत् मंडल, भूयोजन व संचाजवळ वीज तोडणारा स्विच लागतो. वीज तोडल्यावरही धारित्रात (→ धारित्र) भार उरतो; तो काढूनच तारांना हात लावतात. तांब्याच्या नळ्या झाळताना आतून नायट्रोजन सोडतात, अन्यथा आत ऑक्साइडची काळी खपली धरते. गळतीची चाचणीही नायट्रोजनने घेतात. त्यासाठी ऑक्सिजन वापरत नाहीत, कारण दाबाखालील ऑक्सिजन तेलाच्या संपर्कात येऊन स्फोट होऊ शकतो. नंतर नळ्या निर्वात करून प्रशीतक (→ प्रशीतन) सोडतात.

या क्रमामुळे विजेचा धक्का, आग व प्रशीतकाची गळती टळते.