नकाशा कोणाचा? दोन एआर उपकरणांना एकच जागा दाखवण्याचा इतिहास

समजा, तुम्ही मैत्रिणीला फोनवर पत्ता सांगताय: "माझ्यापासून दहा पावलं पुढे, मग डावीकडे." पत्ता अगदी अचूक, पण तिच्या काहीच कामाचा नाही. तुम्ही कुठे उभे आहात आणि तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हेच तिला ठाऊक नाही. "मारुतीच्या देवळापासून" म्हणालात की लगेच कळतं, कारण देऊळ दोघींनाही माहीत असतं.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली. ऑगमेंटेड रिॲलिटीचा, म्हणजे एआरचा, एक साधा प्रयोग होता. एका फोनवरून टेबलावर एक आभासी ठोकळा ठेवला आणि त्याचे को-ऑर्डिनेट्स दुसऱ्या फोनला पाठवले. दुसऱ्या फोनवर बघते तर ठोकळा भिंतीत घुसलेला! दोन दिवस कोडमधली चूक शोधत बसले. आकडे बरोबरच होते. ॲप सुरू होताना फोन जिथे असतो तिथेच तो आपला ओरिजिन मानतो, त्यामुळे दोन फोनांचे दोन ओरिजिन. एम.एस्सी.ला फ्रेम ऑफ रेफरन्स घोकून आलेल्या मला हे कळायला दोन दिवस लागले. मग मी जुने पेपर काढून बसले आणि लक्षात आलं की या विषयाचा सगळा इतिहास म्हणजे त्या देवळाचा शोध आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा डिस्प्ले दाखवला, तेव्हा डोकं कुठे वळलंय हे छताला जोडलेल्या यांत्रिक दांड्यावरून मोजलं जायचं. ओरिजिन खोलीतच पक्का बसवलेला. १९९० च्या दशकात व्हिएन्नाच्या तंत्रज्ञान विद्यापीठात 'श्टूडियरश्टुबं' हा प्रकल्प झाला. त्यात अनेक जण एकाच खोलीत उभे राहून एकच त्रिमितीय मॉडेल बघू शकत. सगळ्यांची जागा एकाच यंत्रणेने मोजली की वाटून घ्यायला वेगळं काही उरत नाही. अडचण एवढीच, की खोलीबाहेर पाऊल टाकलं की खेळ संपला.

१९९९ मध्ये हिरोकाझू काटो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांनी एआरटूलकिटमागचं काम मांडलं. कागदावर छापलेला काळा चौकोन हाच ओरिजिन. दोन कॅमेऱ्यांना तो दिसला की दोघांचा हिशेब जुळला. म्हणजे देऊळ आता खिशात घालून नेता येत होतं! पण चौकोन नजरेआड झाला की सगळं हरवायचं.

मग रोबोटिक्सकडून स्लॅम आलं: अनोळखी जागेचा नकाशा बनवायचा आणि त्याच वेळी त्या नकाशात स्वतःला शोधायचं. अँड्र्यू डेव्हिसन यांनी २००३ मध्ये हे एकाच कॅमेऱ्याने आणि प्रत्यक्ष वेळेत करून दाखवलं. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या गेऑर्ग क्लाइन आणि डेव्हिड मरी यांनी पीटॅममध्ये माग काढणं आणि नकाशा बनवणं ही दोन कामं वेगळ्या थ्रेडवर टाकली, आणि टेबलाएवढी जागा कुठल्याही चौकोनाशिवाय छान सांभाळली जाऊ लागली.

इथे जरा थांबा. उपकरण स्वतंत्र झालं, पण त्याच स्वातंत्र्यामुळे प्रत्येकाचा नकाशा वेगळा झाला. जी गोष्ट व्हिएन्नात आयती मिळत होती, ती आता संशोधनाचा प्रश्न बनली. एका उत्तराच्या पोटातून पुढचा प्रश्न जन्माला येतो तो असा.

यावर उपाय म्हणजे नकाशालाच देऊळ करायचं. नकाशात असतात फीचर पॉइंट, म्हणजे टेबलाचा कोपरा, पोस्टरवरचं अक्षर असे ठळक बिंदू. प्रत्येक बिंदूसोबत त्याच्या आसपासच्या चित्राचं आकड्यांतलं वर्णन असतं, त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात. दुसरा फोन स्वतःच्या कॅमेऱ्यातले बिंदू या नकाशाशी ताडून बघतो. पुरेशा जोड्या जुळल्या की त्या नकाशात आपण कुठे आहोत हे त्याला काढता येतं. २०१८ मध्ये याचे दोन मार्ग सर्वसामान्य फोनवर आले. ॲपलच्या एआरकिट २ मध्ये नकाशाच एका उपकरणातून दुसऱ्याला पाठवता येऊ लागला. गूगलच्या क्लाउड अँकर्समध्ये नकाशा सर्व्हरवर तयार होतो आणि फोनला फक्त जागेचं उत्तर मिळतं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही ॲझूर स्पेशियल अँकर्स ही सेवा आणली.

पण नकाशा दिला म्हणजे नेमकं काय दिलं? नुसते ठिपके, त्यातून कुणाला काय दिसणार, असंच वाटतं ना? २०१९ च्या सीव्हीपीआर परिषदेत पिटालुगा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ठिपके आणि डिस्क्रिप्टर एवढ्यावरून न्यूरल नेटवर्क त्या जागेचं ओळखू येईल असं चित्र पुन्हा तयार करू शकतं. म्हणजे घरातला नकाशा देणं हे जवळजवळ घराचे फोटो देण्यासारखंच. त्याच परिषदेत स्पेचिआले आणि सहकाऱ्यांनी तोड सुचवली: प्रत्येक बिंदूऐवजी त्यातून जाणारी, कुठल्याही दिशेची एक रेषा साठवा. रेषेवर बिंदू नेमका कुठे, हे लपून राहतं. २०२१ मध्ये चेलानी, काल आणि साटलर यांनी दाखवलं की शेजारच्या रेषा एकमेकींच्या सर्वांत जवळ कुठे येतात हे बघून मूळ बिंदू बऱ्यापैकी परत मिळवता येतात. लपवणारे आणि शोधणारे यांचा हा सामना अजून चालूच आहे.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲझूर स्पेशियल अँकर्स बंद झालं. ज्यांचं काम त्या नकाशांवर उभं होतं, त्यांना दुसरी सोय बघावी लागली. देऊळ दुसऱ्याच्या जमिनीवर असलं की असं होतं.

तुम्ही या विषयात प्रपोजल लिहिणार असाल, तर उपकरणांची नावं पाठ करू नका, ती दर दोन वर्षांनी बदलतात. प्रत्येक पेपर वाचताना वहीत तीन प्रश्न लिहा: ओरिजिन कुठे आहे? नकाशा कोणाच्या ताब्यात आहे? आणि तो दुसऱ्याला दिला की सोबत आणखी काय जातं? पहिल्याची उत्तरं आता बरीच पक्की आहेत. दुसरा आणि तिसरा अजून मोकळे आहेत. मी माझा विषय तिसऱ्यातून निवडला, भिंतीत घुसलेल्या त्या ठोकळ्यामुळे.