स्वप्नातही जागे राहण्याची साधना



अजिंठ्याला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आलेले आहेत. तेथील २ क्रमांकाच्या लेणीत महामायेच्या स्वप्नाचे चित्र आहे. हाच प्रसंग इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात भारहुतच्या स्तूपावर कोरला गेला. कथेत पुढे काय होते, तर स्वप्नाचा अर्थ सांगायला राजा ब्राह्मणांना बोलावतो. म्हणजे स्वप्न पडायचे एकाला आणि अर्थ सांगायचा दुसऱ्याने, ही रीत फार जुनी!

आपल्या वस्तीतून तरी ती कुठे गेली आहे? "काल सपनात देवी आली, काहीतरी मागत होती," असे कुणी म्हणायचा अवकाश, की शेजारची बाई लगेच भगताचा पत्ता देते. खिसा रिकामा होतो आणि भीती आहे तिथेच राहते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडते, म्हणून आम्हाला हा विषय लिहावासा वाटला. बौद्ध परंपरेने स्वप्नाकडे कसे पाहिले, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असले पाहिजे.

विनयपिटकाच्या महावग्गात सांगितले आहे की, जो स्मृती राखून झोपतो तो सुखाने झोपतो, सुखाने उठतो आणि त्याला वाईट स्वप्ने पडत नाहीत. मैत्री भावनेच्या अकरा लाभांतही हे तीन लाभ येतात. मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद नागसेन स्थविरांना स्वप्नाविषयी विचारतो. नागसेन सहा कारणे सांगतात. वात, पित्त, कफ आणि मनाला पडलेली सवय ही त्यांतली चार. उरलेली दोन, म्हणजे देवता आणि पूर्वसूचना, ही त्या काळच्या समजुतीतली आहेत. ते आणखी एक सांगतात. गाढ झोपेत स्वप्न पडत नाही, पूर्ण जागेपणीही पडत नाही. माकडाच्या झोपेसारखी जी हलकी झोप असते, तिच्यात ते पडते. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण पाहून नवल वाटते.

यापुढचे पाऊल अकराव्या शतकात पडले. नालंदेचे नावाजलेले पंडित नारोपा विद्यापीठ सोडून तिलोपा या सिद्धाचे शिष्य झाले. त्यांच्याकडे तिबेटहून हिमालय ओलांडून मार्पा (१०१२-१०९७) नावाचा गृहस्थ शिकायला आला. बायकामुले, शेतीवाडी असलेला हा माणूस! त्याने जी विद्या नेली ती 'नारोपाचे सहा धर्म' म्हणून ओळखली जाते. त्यांतला एक धर्म म्हणजे स्वप्नयोग. मार्पाकडून तो मिलारेपाकडे आणि पुढे गम्पोपाकडे गेला. चोंखापा (१३५७-१४१९) यांनीही त्यावर लिहिले. पुढे नालंदा उद्ध्वस्त झाली, पण ही विद्या तिबेटात टिकली.

तिची रीत अशी. दिवसभर जे जे दिसेल त्याविषयी "हे स्वप्नासारखे आहे" असे स्वतःला आठवण करून द्यायची. रात्री "आज स्वप्न पडेल तेव्हा ते मी ओळखीन" असा पक्का संकल्प करायचा. मग उजव्या कुशीवर सिंहशय्येत पडायचे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेणीतील महापरिनिब्बानाची मूर्ती आठवा, तीच ही शय्या. कंठाच्या ठिकाणी कमळ आहे आणि त्यावर लाल तेजस्वी अक्षर आहे, असे चित्र मनात धरून झोपी जायचे. स्वप्न ओळखता आले की ते बदलायला शिकायचे. आग दिसली तर तिचे पाणी करायचे, लहान वस्तू मोठी करायची. शेवटी कळावे ते एवढेच, की ज्याला आपण भीत होतो ते आपल्याच मनाने रचलेले होते.

पाश्चात्त्यांना हे उशिरा कळले. १९१३ साली फ्रेडरिक व्हॅन ईडन या डच डॉक्टरने अशा स्वप्नांना 'ल्युसिड ड्रीम' हे नाव दिले. काझी दावा समदुप यांनी इंग्रजीत आणलेले स्वप्नयोगाचे तिबेटी ग्रंथ १९३५ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाले. तरी शास्त्रज्ञ म्हणत, झोपलेला माणूस जागा कसा असेल? १९७५ साली इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी पुरावा मिळवला. झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे हलवून खूण दिली. थोड्याच वर्षांत अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. त्यांनी शिकवलेली रीतही पाहा. पहाटे स्वप्नातून जाग आली की ते स्वप्न आठवायचे, आपण पुन्हा त्यात आहोत आणि ते ओळखले आहे असे चित्र डोळ्यांपुढे आणायचे, आणि संकल्प करून झोपायचे. आठवण, संकल्प आणि मनातले चित्र ही तिन्ही अंगे स्वप्नयोगात आहेतच! १९९२ साली धर्मशाळेला दलाई लामा आणि शास्त्रज्ञ निद्रा, स्वप्न व मृत्यू या विषयांवर चर्चेला एकत्र बसले. २०२१ साली तर झोपलेल्यांना साधी गणिते घालण्यात आली आणि काहींनी स्वप्नातूनच बरोबर उत्तरे दिली.

स्वप्नयोग ही वज्रयानाची वाट आहे. तिच्यातले मंत्र आणि देवता आपण घ्याव्यात, असे आम्ही म्हणत नाही. रोज रात्री झोपमोड करून कुणी हे करू नये. मनाचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. आधी शील, मग समाधी, हा क्रम इथेही आहे.

पण एवढे तरी आपल्याला करता येईल. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे आनापान करावे, मैत्री भावना करावी. सकाळी उठून मुलाने "आई, भूत दिसलं" म्हटले, तर त्याला ताईत बांधू नये. जवळ घेऊन म्हणावे, "बाळा, ते तुझ्याच मनानं केलं होतं. पुन्हा दिसलं तर त्याला ओळख." नारोपाने मार्पाला दिले ते ज्ञान एवढ्या सोप्या शब्दांत आपल्या घरात येऊ शकते.

नमो बुद्धाय! जयभीम!