टीप ३७ : 'फ्लाइंग एंटरप्राइझ'ची ओढ

३७. लेखक 'फ्लाइंग एंटरप्राइझ'चा उल्लेख ओझरता करतो. डिसेंबर १९५१च्या वादळात या अमेरिकन मालवाहू जहाजाला तडा गेला आणि ते एका बाजूला कलले. २९ डिसेंबरला प्रवासी व खलाशी उतरवले गेले. कप्तान कार्लसन एकटा मागे राहिला. 'टर्मॉइल' ही ब्रिटिश टग पोहोचली, पण नुसती टग येऊन भागत नाही. फेकलेला दोर पकडून खुंटाला अडकवणारे हात पलीकडेही लागतात, आणि त्या उतरत्या डेकवर कार्लसनला एकट्याला ते जमेना. ४ जानेवारीला टगवरचा मेट केनेथ डॅन्सी थेट जहाजावर उडी मारून गेला, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी ओढ सुरू झाली. (मूळ मजकुरात डॅन्सीचे नावही नाही, हे अन्यायाचे वाटते.)

खवळलेल्या समुद्रात दोर लांब सोडतात. लांब, जड दोर स्वतःच्या वजनाने पाण्यात झोळ धरतो. लाटेने जहाज मागे खेचले की आधी तो झोळ सरळ होतो आणि हिसका बराचसा तिथेच जिरतो. दोर आखूड असला तर सगळा ताण खुंटावर. तुटलेले टोक डेकवर सपकन येते, त्याच्या वाटेत उभे राहू नये, हे कोकणातल्या तांडेलाला सांगावे लागत नाही.

फालमथ बंदर साठेक किलोमीटरवर आले असता दोर तुटला. १० जानेवारी १९५२ला दोघे आडव्या झालेल्या धुराड्यावरून चालत जाऊन पाण्यात उतरले; टगने त्यांना उचलले. दुपारी चारच्या सुमारास जहाज बुडाले.