जगासाठी गायिलेली गाणी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात, असा मंडळाचा आग्रह झाला. मी काही लेखिका नव्हे. परंतु आपल्या बैठकीचा शेवट आपण पसायदानाने करतो. त्या निमित्ताने, जगाचे भले व्हावे म्हणून गायिलेल्या गाण्यांचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो.

या गाण्यांत पहिला मान पसायदानाचाच. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या अखेरीस माउलींनी नऊ ओव्यांत हे दान मागितले. संन्याशाची पोरे म्हणून ज्या समाजाने या भावंडांना वाळीत टाकले, असे परंपरा सांगते, त्या समाजासह साऱ्या प्राणिमात्रांसाठी त्यांनी मागितले.

पुढे साडेसहाशे वर्षांनी साने गुरुजी झाले. त्यांची ‘खरा तो एकचि धर्म’ ही प्रार्थना आपण शाळेत हात जोडून म्हटली आहे. पण गुरुजी गीत लिहून थांबले नाहीत. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पंढरीच्या विठ्ठलाचे दार उघडावे, यासाठी १९४६-४७ मध्ये ते महाराष्ट्रभर हिंडले आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषणाला बसले. तेव्हा कुठे मंदिर खुले करण्याचे ठरले.

परदेशातही असे घडले. बांगला देशातील निर्वासितांसाठी १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये जलसा केला. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर मुलांच्या मदतीसाठी गेले. ध्वनिमुद्रिकेचे पैसे मात्र करांच्या गुंत्यात वर्षानुवर्षे अडकले. जानेवारी १९८५ मध्ये इथिओपियातील दुष्काळासाठी अमेरिकेतील चाळीसहून अधिक गायकांनी ‘वुई आर द वर्ल्ड’ हे गीत एका रात्रीत गाऊन दिले. त्यातून पुढे सहा कोटींवर डॉलर जमले.

हे सारे फार दूरचे वाटेल. पण १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला, त्यांना ते दूरचे वाटणार नाही. खडी फोडायला गेलेल्या आमच्या आईने आणलेली सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊन आम्ही भावंडे जगलो. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. पण ती कुणीतरी, आपली नावेही ठाऊक नसताना, पाठविली होती.

त्याच वर्षीची दुसरी आठवण सांगताना मान खाली जाते. वाडीच्या एकाच विहिरीला ओंजळभर पाणी उरले होते. पालखीच्या दर्शनाला इंदापूरपर्यंत चालत जाणाऱ्या, रोज पसायदान म्हणणाऱ्या बायांनी गावकुसाबाहेरच्या एका बाईला काठावर येऊ दिले नाही. ती घागर घेऊन उन्हात ताटकळली. शेवटी तिला वरून पाणी वाढले. वाढणाऱ्यांत आमची आई होती, आणि तिच्या पदराआड मी होते. पंढरीचे दार उघडून तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती!

आई वाईट नव्हती. गाणे तिच्या ओठांवर होते, हातापर्यंत पोचले नव्हते, एवढेच. म्हातारपणी तीच एकदा म्हणाली, “त्या बाईला मी काठावर घ्यायला हवं होतं गं.”

आज उजनीच्या जलाशयाचे पाणी आपल्या डाळजच्या उंबऱ्याशी आले आहे. भगिनींनो, माझी एवढीच विनंती आहे. बैठक उरकायची म्हणून पसायदान घाईने म्हणू नये. आणि ते म्हणून उठल्यावर, आपल्यापैकी कोण अजून काठापासून दूर उभी आहे, हे एकदा पाहावे. तिला आत घेतले, तर आपले गाणे पुरे झाले.